रानकरडईचा वाफा

बेडशाच्या रतनबाईचं शेत फार्महाऊसवाल्यांकडे गेलं, त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून ती कुसगावच्या एका रिसॉर्टची हिरवळ राखत होती. हात रोज मातीत, पण त्या मातीतून ताटात येईल असं काही उगवत नव्हतं. ते तिला आत कुठंतरी सलत राही.

कार्तिकात मालकीण अपूर्वाताई स्पेनहून बियांची एक पुडी घेऊन आल्या. तिकडच्या रानात उगवणारी ही काटेरी भाजी, लावून बघाल का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा रतनबाईनं पदरच खोचला. भाजीचं परदेशी नाव काही तिच्या जिभेला वळेना. रोप दिसायला करडईसारखं, म्हणून तिनं तिला रानकरडई म्हणून टाकलं. विहिरीकडचा एक वाफा तिच्या हवाली झाला.

माघापर्यंत पानं भुईसरपट गोल पसरली आणि काटे कडक झाले. मुख्य माळी निवृत्ती जाता-येता हसायचा. "मावशी, आमी काटं उपटायचा पगार घेतो, तुमी लावायचा घेता."

शेवटी एका शनिवारी रतनबाईनं भाजी निवडली, करडईची निवडतात तशीच. पानाचं पातं घेतलं, मधला दांडा टाकला. मूगडाळ आणि लसूण घालून शिजवली, सगळ्यांना वाढली. पहिल्याच घासाला निवृत्तीनं तोंडातून काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. अपूर्वाताई नुसतं पाणी प्यायल्या. त्यांनी ही भाजी तिकडे खाल्ली होती, निवडताना पाहिली नव्हती. संध्याकाळी निरोप आला, सोमवारी वाफा खणून तिथंही हिरवळ लावायची.

रविवारी सुट्टी होती, तरी रतनबाई पहिल्या एसटीनं आली. कचऱ्याच्या ढिगावर कालचे दांडे पडले होते. मलूल झाले होते, पण एकालाही काटा नव्हता. मग हाताला गोणपाट गुंडाळून तिनं एक ताजं पान धरलं आणि शेवग्याचा पाला ओरपतात तसं शेंड्याकडून बुडाकडं ओरपलं. काट्यांसकट पातं गळून पडलं. हातात उरला पांढरट दांडा. तिनं तो दाताखाली धरला. कोवळा, पाणीदार, जरासा गोड. टाकायचं ते आपण शिजवलं होतं आणि शिजवायचं ते टाकलं होतं.

सोमवारी निवृत्ती कुदळ घेऊन आला, तेव्हा वाफ्याच्या कडेला चूल पेटली होती. अपूर्वाताईंनाही तिनं बोलावून आणलं होतं.

"आदी जेव, मंग खण," रतनबाई म्हणाली. "काटा लागला तर मीच खणीन."

निवृत्तीनं पहिला घास जपून चावला. दुसरा जपला नाही. भाकरी संपली तसं त्यानं ताट पुन्हा पुढं केलं.

आणखी किती जागा लागेल, असं अपूर्वाताईंनी हळूच विचारलं. रतनबाईनं निवृत्तीची कुदळ उचलली आणि राखलेल्या हिरवळीतून सरळ रेघ ओढत निघाली.