मेडरूम रेकॉर्ड्सची मंडळी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही हो. शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी जेवणं होतात, कोणीतरी चहा टाकतं, एक जण म्हणतो, "अरे, ते वेलचीचं सांग ना!" दुसरा म्हणतो, "आधी ते झिम्म्याचं!" असं करत करत आमच्याकडे इतके साठलेत, की परवा मुग्धा, म्हणजे माझी बायको, वैतागून म्हणाली, "लिहून काढ एकदाचे. निदान तेच तेच ऐकावं तरी लागणार नाही." म्हणून हा खटाटोप.

मी नितीन. मूळचा नाशिकचा, इथे आखातात, दोह्यात एका प्लांटवर सेफ्टीचं काम बघतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये, अल नस्र भागात, चौथ्या मजल्यावर फ्रान्सिस राहतो. तो वसईचा, एका हॉस्पिटलच्या ऑफिसात फायली सांभाळतो. आणि आम्हा दोघांचं एक रेकॉर्ड लेबल आहे. हाउस म्युझिकचं!

हसू नका. हाउस म्युझिक म्हणजे मशीनचा ड्रम एका चालीत धप धप धप धप वाजत राहतो, खाली बेस, वरून कोणाचा तरी आवाज, आणि लोक नाचतात. फ्रान्सिसला त्याचं कॉलेजपासून वेड. तो संगीत करतो, मी ई-मेल, कव्हर आणि बाकीची हमाली. आमच्या काळ्या तबकड्या युरोपात छापल्या जातात आणि आज बऱ्याच देशांत वाजतात. कशा वाजतात, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही.

पण खरं सांगू? फ्रान्सिसला त्या देशांचं फारसं काही नव्हतं. त्याला एकच माणूस हवा होता. त्याचे पप्पा. आंतोन मास्तर म्हणून वसईकडे लोक ओळखतात त्यांना. उभं आयुष्य लग्नाचा ब्रास बँड चालवला. पप्पांनी आपली एक, फक्त एक रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकावी, एवढीच त्या वेड्याची इच्छा. आणि पप्पा ऐकत नव्हते!

*

आधी नावाचं सांगतो. इथल्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागे एक मेडरूम असते. मोलकरणीला राहायला म्हणून बांधलेली. खिडकी नाही, आडवं झालं तर पाय दाराला लागतात. आपल्या लोकांकडे कुठली आलीय राहती मोलकरीण? तिथे सुटकेसी, तांदळाची पोती आणि ख्रिसमस ट्री. फ्रान्सिसने एका शुक्रवारी ते सगळं बाहेर काढलं आणि मशीन मांडल्या. त्याची बायको लवीना ड्यूटीवरून आली, हॉलमधला ढीग बघून म्हणाली, "चांगलंय. आता सुटकेसींना बेडरूम द्या, आपण दोघं मेडरूममध्ये झोपू." लेबलचं नाव त्याच दिवशी ठरलं.

पुढे जर्मनीहून एका पत्रकाराचं ई-मेल आलं. हे लांबलचक! या नावातून तुम्ही आखातातल्या घरकामगारांच्या जगण्यावर भाष्य करताय का, वगैरे वगैरे. मी तीन दिवस उत्तराचा मसुदा करत होतो. शेवटी फ्रान्सिसने एका ओळीत कळवलं: "नाही सर, ती खोली रिकामी होत होती."

मग मात्र त्याने खोलीचं दार उघडून धरलं. म्हणाला, "नितीन, खरं तर त्याचा प्रश्न बरोबर होता रे. मी या खोलीत दोन तास बसलो तर जीव गुदमरतो. माणसाने इथे राहायचं?" दुसऱ्या दिवशी त्याने पत्रकाराला दुसरं ई-मेल केलं. त्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

*

रेकॉर्डिंग करायचं म्हणजे एसी बंद करावा लागतो. नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. दोह्यात ऑगस्टमध्ये एसी बंद करणं म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल!

मुग्धा पुण्यात बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली. सावकाश आलापी, स्वर भरणं, सगळं व्यवस्थित. मेडरूममध्ये पहिल्यांदा उभी राहिली, डोळे मिटले, षड्ज लावला. तिसऱ्या मिनिटाला कपाळावरून धार. पाचव्या मिनिटाला तिने जो काही वेग घेतला, तो तिच्या गुरुजींनी ऐकला असता तर तंबोरा घेऊन मागे धावले असते. शेवटचा सा लागला न लागला तोच बाईसाहेब बाहेर, थेट फ्रिजचं दार उघडून उभ्या!

ती रेकॉर्ड निघाली. लंडनच्या एका मासिकात कौतुक आलं: गायिकेच्या आवाजात एक विलक्षण तगमग आहे, जणू तिला कुठूनतरी सुटायचं आहे.

मुग्धाने ते वाचलं आणि म्हणाली, "बरोबर ओळखलं मेल्याने."

*

सूक वाकिफमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, एका मसाल्याच्या दुकानात फ्रान्सिस आवाज टिपायला गेला. पत्र्याच्या मापाने अख्खी वेलची पोत्यातून उपसून तराजूत टाकतात ना, तो सळसळ आवाज त्याला हवा होता. दुकानदार मलबारी, युसुफभाई. फ्रान्सिसच्या हातात माइक, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. युसुफभाईंना वाटलं, तपासणी आली! त्यांनी धडाधड लायसन काढलं, दुकान झाडून घेतलं, पोती सरळ केली. फ्रान्सिस बिचारा हिंदीत समजावतोय, "भाई, सिर्फ आवाज चाहिये, इलायची का." युसुफभाईंना घाम. आजवर वजन तपासलं, तारीख तपासली, आता आवाजसुद्धा?

शेवटी समजलं तेव्हा इतके खूश झाले, की अर्धा तास वेलची उपसत बसले. अट एकच: रेकॉर्डवर नाव पाहिजे. आम्ही छापलं. वाद्य: वेलची. वादक: युसुफभाई.

वर्षभराने एक जपानी तरुण ती रेकॉर्ड छातीशी धरून दुकान शोधत आला. युसुफभाईंपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "तुम्ही माझे आवडते वादक आहात." युसुफभाईंनी आम्हाला तिथूनच फोन लावला. "यल्ला फ्रान्सिसभाई, जल्दी बोलो, ये कस्टमर रो रहा है. इसको कितना डिस्काउंट दूँ?"

*

इथल्या एका मराठी मंडळाने दिवाळीच्या स्नेहसंमेलनात आम्हाला बोलावलं. "आपल्या मुलांचं कौतुक नको का करायला?" असं म्हणाले. आपली मुलं म्हणजे आम्ही, वय पंचेचाळीस.

शाळेचा हॉल. पुढच्या रांगेत मंडळाचे सेक्रेटरी, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, जॅकेट घालून बसलेले. फ्रान्सिसने सुरुवात केली. धप धप धप धप. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. भाऊ शांतपणे उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "साउंड चेक उत्तम झालेला आहे. आता कलाकारांना विनंती, की त्यांनी कार्यक्रम सुरू करावा!"

फ्रान्सिसचा चेहरा पडला. मी म्हटलं, झालं, खलास. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो भाऊ, बसा खाली!" वळून बघतो तर मागच्या खुर्च्या बाजूला सारून आठ-दहा बायकांनी झिम्मा धरलेला. सगळ्यात पुढे खुद्द भाऊंची बायको, आमच्या वहिनी! पैठणीचा पदर खोचून. त्यांना म्हणे चाल झिम्म्यासाठी अगदी नेमकी पडली. कार्यक्रम संपला तेव्हा भाऊंनी आभार मानले, आणि अहवालात लिहिलं, "महिलांचे पारंपरिक खेळ झाले. संगीतसाथ: फ्रान्सिस."

*

आता पप्पांचं.

फ्रान्सिसची मम्मी गेल्यापासून पप्पा दर हिवाळ्यात दोह्याला यायचे. गोड माणूस. रोज इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. ते बापलेक आपसात त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलतात, मला ती धड बोलता येत नाही, म्हणून इथे माझ्याच मराठीत सांगतो. मेडरूममध्ये मशीन सुरू झाली, की पप्पा उठायचे. "जरा खाली फिरून येतो." रागावून नाही, तोंड वाकडं करून नाही. चप्पल घालून, लिफ्टने खाली. समोरच्या न्हाव्याकडे बसायचे, तो हैदराबादचा, दोघांची गट्टी.

आमची पहिली रेकॉर्ड फ्रान्सिसने मोठ्या कौतुकाने वसईला पाठवली होती. सुट्टीत घरी गेला तर ती तांदळाच्या पिंपावर. झाकण म्हणून! पप्पा म्हणाले, "बघ, काय बरोबर बसलंय. एक टोका, मुंगी जात नाही आत." फ्रान्सिस ते हसत हसत सांगतो. पण मी त्याला पंधरा वर्षं ओळखतो. ते हसणं खरं नाही.

एकदा तर कमाल झाली. आम्ही सगळे सुपरमार्केटमध्ये कांदे निवडत होतो आणि फ्रान्सिसच्या फोनवर व्हिडिओ आला. स्पेनमध्ये समुद्रकाठी, सूर्य मावळतोय, जिकडे बघावं तिकडे माणसं, आणि मुग्धाचा आवाज, युसुफभाईंची वेलची! फ्रान्सिसच्या डोळ्यांत पाणी. मुग्धा म्हणाली, "अभिनंदन. पिशवी धर."

घरी येऊन त्याने व्हिडिओ पप्पांसमोर धरला. पप्पांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, नीट पाहिलं. फ्रान्सिसची पोरगी रिया म्हणाली, "ग्रॅम्पा, दॅट्स डॅडाज साँग! सगळे डान्स करतायत!" एरवी ती मराठीत एक शब्द बोलत नाही, त्या दिवशी अर्धं वाक्य बोलली. पप्पांनी फोन परत दिला.

"एवढी माणसं बोलावली," ते म्हणाले, "आणि जेवण कुठेच दिसत नाही!"

आणि मग, "जरा खाली फिरून येतो."

फ्रान्सिस माझ्याकडे बघून म्हणाला, "सोड रे. नाही ऐकणार ते." मला फार वाईट वाटलं. असं वाटलं, की जाऊन म्हाताऱ्याला गदागदा हलवावं. पण काय करणार, दुसऱ्याचा बाप!

*

मागे एका हिवाळ्यात पप्पा आले तेच सांगत आले, "हे शेवटचं. आता मला विमान नको." शनिवारचं परतीचं तिकीट. आणि शुक्रवारी दुपारी बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली.

त्या शुक्रवारनंतरच्या आमच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये एक जागा असते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ड्रम अचानक गायब होतो. बाकी सगळं चालू. आणि मग ड्रम परत येतो तो अशा ठिकाणी, की मोजणाऱ्याची फजिती! ना आठव्या ठोक्यावर, ना सोळाव्या. आता इतर देशांतले लोकही ही युक्ती उचलतात. फ्रान्सिसला मुलाखतीत नेहमी विचारतात, हे गणित कुठलं? तो म्हणतो, "वसईचं." ते लिहून घेतात.

तर त्या शुक्रवारी. फ्रान्सिस नव्या रेकॉर्डवर काम करत होता, मी आणि मुग्धा जेवून तिथेच. त्याने मशीन सुरू केली. पप्पा उठले, चप्पल घातली, दाराबाहेर गेले आणि परत आले. चार मजले, दुखरा गुडघा. फ्रान्सिस म्हणाला, "बंद करू का, पप्पा?" पप्पा म्हणाले, "तुझं काम चालू दे." आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून मेडरूमच्या दारात बसले.

आम्ही कोणी एकमेकांकडे बघेना. एक मिनिट गेलं. दोन. पप्पा मान खाली घालून बसलेले. मला वाटलं, झोपले. चौथ्या मिनिटाला मान वर केली.

"हा ड्रमवाला सुरुवातीपासून वाजवतोय?"

"हो पप्पा."

"एकदाही थांबला नाही?"

"मशीन आहे पप्पा ती. थांबत नाही."

"तू थांबवलं नाहीस, म्हणून नाही थांबत," पप्पा म्हणाले. "बँड कोणाचा आहे? तुझा ना? मग बघायचं कोणी?"

फ्रान्सिसने मशीन बंद केली.

"चर्चपासून नवऱ्याच्या घरापर्यंत ड्रम गळ्यात घालून चालायचं म्हणजे खेळ नाही," पप्पा म्हणाले. "मी माझ्या ड्रमवाल्याला मधे पाणी पाजायचो. आपल्या हाताने."

"मग तेवढा वेळ बँड बंद?"

"बंद कसा? वरात चाललेली असते! बाकीचे सांभाळतात की."

फ्रान्सिसने मशीनवर काहीतरी खटाखट केलं. मग हळूच विचारलं, "किती वेळ ठेवू, पप्पा?"

"पाणी प्यायला लागतो तेवढा."

"म्हणजे किती?"

पप्पांनी मुग्धाकडे बघितलं. "पाणी आण गं, बाय."

फ्रान्सिसने पहिल्यापासून लावलं. चार मिनिटं गेली. मग ड्रम थांबला. मुग्धाचा आवाज आणि खाली बेस, एवढंच उरलं. पप्पांनी ग्लास उचलला. घाई नाही, काही नाही. एक घोट. दुसरा घोट. फ्रान्सिसचं बोट बटणावर, नजर पप्पांच्या गळ्यावर. पप्पांनी ग्लास खाली ठेवला. बोट खाली जाणार, तोच पप्पांनी हात वर केला.

"थांब! मिशी पुसू दे त्याला."