रिकामी पुडी

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या बाकीच्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, फार तर कंगवे वाटायच्या. देवस्थळी बाई वालाच्या पाच बिया वाटायच्या आणि पुढच्या संक्रांतीला परत मागायच्या. दिलेलं वाण परत मागणारी बाई त्रिभुवनात दुसरी नसेल, असं माझी आई म्हणायची.

बाई टाउनशिपच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांचे यजमान कारखान्यात, माझे बाबाही कारखान्यात. ते लोक रोह्याकडचे, आम्ही नागपूरचे. हिंदी मुलांना 'देवस्थळी' म्हणताना धाप लागायची, म्हणून त्यांनी बाईंची परस्पर 'देव मैडम' करून टाकली होती. बुटकी, सावळी मूर्ती, चापूनचोपून नेसलेली सुती साडी आणि खाली कॅन्व्हासचे बूट. लग्नकार्यालासुद्धा तेच बूट. कुठे वाफ्यात उतरावं लागेल, याचा काय नेम!

उत्क्रांतीचा धडा त्या दर वर्षी एकाच प्रश्नाने सुरू करायच्या. जिराफाची मान लांब कशी झाली? आमच्या वर्गात एका मुलाने छातीठोकपणे सांगितलं, "मैडम, ऊपर के पत्ते खाने थे, तो खींच-खींच के लंबी कर ली."

"अच्छा? तू भी पहली बेंच की कॉपी देखना चाहता है ना? चल, खींच के दिखा."

वर्ग खिदळायचा थांबल्यावर त्या खडू टेबलावर ठेवून म्हणाल्या, "किसीने कुछ नहीं किया, बेटा. कुछ की गर्दन पहले से थोड़ी लंबी थी, कुछ की छोटी. जिनका काम चला, उनके बच्चे हुए, और बच्चे माँ-बाप पर गए. अब बताओ, जो मर गए, उनका क्या?"

हा त्यांचा सवाल आम्हाला तोंडपाठ होता. कुणी शेजारीण सांगत आली की आमच्या गल्लीतली तीन मुलं इंजिनिअर झाली, की बाई लगेच विचारणार, "आणि जी झाली नाहीत, त्यांचं काय? उरलेल्यांवरून गोष्ट रचायची नसते हो. गेलेल्यांनाही विचारावं." लोकांना हे खवचट वाटायचं. खवचट नव्हतं ते. वर्गात नापास झालेल्या पोरांच्या घरी सगळ्यांत आधी जाणारी शिक्षिका हीच होती, आणि तिथेही त्या ओरडायला जात नसत, विचारायला जात.

तर वालाचं. माहेरहून आणलेला गावठी वाल. कुठली बी तांबूस, कुठली पांढुरकी, कुठली ठिपक्यांची. कोकणातलं ते बियाणं भोपाळच्या काळ्या मातीत आणि पौषातल्या थंडीत टिकतं का, हे बाईंना पाहायचं होतं. संक्रांतीला बिया घ्यायच्या, पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंपणाशी लावायच्या, शेंगा धरल्या तर पुढच्या संक्रांतीला पाच बिया परत. बाई त्या सगळ्या एकत्र कालवून पुन्हा वाटणार. "चांगल्या बिया निवडून का नाही देत?" असं मी एकदा विचारलं. "निवडणारी मी कोण? ते भोपाळ बघेल," त्या म्हणाल्या.

पहिल्या वर्षी बहुतेकींनी "सुकला हो, बाई" म्हणून हात झटकले. तेव्हा बाईंनी नियम काढला. वेल मेला असेल तर पुडी रिकामी आणायची, पण आणायची. वर आपला क्वार्टर नंबर लिहायचा. पुड्या आमच्याच जुन्या उत्तरपत्रिकांच्या असायच्या. आमच्या घरी आलेल्या पुडीवर माझाच जिराफ लाल शेऱ्यासकट होता.

दुसऱ्या वर्षी आमचा वेल पुन्हा मेला. पानं अशी माजली होती की कुंपण दिसेना, पण फूल यायच्या आत थंडी आली आणि सगळं काळं पडलं. मी पुडी दुमडून तयार ठेवली. आई कडाडली, "रिकामी पुडी? सवाष्णीच्या घरी, हळदीकुंकवाले? मी नाही जात बाई खाली हातानं. अपशकुन होते." आणि तिने मलाच बियाणाच्या दुकानात पिटाळलं. मी पाच टपोऱ्या बिया आणल्या. "कोणाले समजते?" आई म्हणाली. तिसऱ्या वर्षीही आम्ही तेच केलं. सरावाने खोटं बोलणं सोपं जातं.

मी बारावीत होते तेव्हा शहरातल्या विज्ञान प्रदर्शनात बाईंनी वालाचा तक्ता मांडायचं ठरवलं. इतकी वर्षं शिकवलेला धडा त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने दाखवता येणार होता. बाईंचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. वर्गात त्यांनी वालाच्या नोंदींची वही उघडली. आधी घरोघर मेलेले वेल, आणि मग बघता बघता सगळ्या पुड्या भरलेल्या. "और इसका घर देखो," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "दो साल से एक बार भी खाली नहीं!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "चार लोकांसमोर मॅडम खोटं सांगतील, आणि त्यांना ते ठाऊकही नसेल." आई तिळाच्या वड्या थापत होती. तिने मान वर केली नाही, पण वड्यांचा आकार बिघडला.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला बाईंकडे पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. सतरंजीवर वही उघडी. एकेक पुडी येत होती, भरलेली. आईची पाळी आली तशी तिने पुडी बाईंच्या हातात ठेवली आणि एका दमात म्हणाली, "रिकामी आहे, बाई. आमचा वेल दर वर्षी मेला. आधीच्या बिया दुकानातल्या होत्या. पोरीले बोल लावू नका, मीच पाठवली होती तिले."

मग कोपऱ्यातून जोशी काकू हळूच म्हणाल्या, "माझ्यापण बाजारातल्याच हो." आणि बांध फुटला. एकीने बहिणीकडून मागवल्या होत्या, एकीने चक्क आदल्या वर्षीच्या दुकानदारालाच गाठलं होतं. खरं सांगणारी एकटी निघाली ती शेजारच्या दुबे चाची. त्यांना हळदीकुंकवाचे शकुन-अपशकुन माहीतच नव्हते. "हमारी तो पहले साल भी मरी, दूसरे साल भी. हमने खाली पुड़िया दे दी. आपने ही तो बोला था, मैडम."

बाईंनी वही पुढे ओढली. मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि एकेक क्वार्टर नंबर विचारून खोडायला लागल्या. चार वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत लाल होत गेली. आई रडत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "रडू नका. वालाचं काही बिघडलेलं नाही. तुम्ही मला फसवलंत, थंडीला कुठे फसवलंत? तिने कुणाची पुडी विचारली नाही. दुकानातलं असो की रोह्याचं, उशिरा फुललं ते गेलं." मग वही मिटत, "माझी फक्त गेलेल्यांची नोंद गेली. मी ती मागितली आणि तुम्हाला ती द्यायची लाज वाटली. ही शिकवण्यातली चूक आहे, तुमची नाही."

प्रदर्शनात बाईंनी तोच खोडलेला तक्ता लावला. शाबूत फक्त एक ओळ होती, दुबे चाचींची. दोन वर्षं रिकामी, मग दोन वर्षं थंडीआधी फुललेला, शेंगांनी लगडलेला वेल. परीक्षकांनी विचारलं, "बाक़ी सब काट क्यों दिया?" बाई म्हणाल्या, "बाक़ी सबने मेरा लिहाज़ किया." म्हणजे माझी भीड बाळगली. पुढे त्यांनी समजावलं, की वेल काही शहाणा झालेला नाही. लवकर फुलणारे उरले, त्यांच्या बिया त्यांच्यासारख्या निघाल्या, बस इतनी सी बात है. नंबर आला नाही. मला मात्र त्या दिवशी धडा कळला, आणि खरेपणा किती साध्या आवाजात बोलतो तेही कळलं.

पुढच्या वर्षीपासून बाईंकडे रिकाम्या पुड्या बेधडक यायला लागल्या, आणि मग हळूहळू, खरोखरच, कमी व्हायला लागल्या.

यजमान निवृत्त झाल्यावर बाईंना क्वार्टर सोडावं लागलं. रोह्याला जाताना त्यांनी वही माझ्या हवाली केली आणि स्वतःसाठी पाच बिया घेतल्या. वर्षभराने त्यांचं पाकीट आलं. आत चार ओळी होत्या. "आपला भोपाळचा वाल इथे घाईने फुलला आणि पावसाने सगळी फुलं झडली. पाचही गेल्या. पूर्वजांचं गाव म्हणून कुणी सवलत देत नाही. तो चांगला वाल नव्हताच गं, तो भोपाळचा होता. मलाही इथली हवा मानवत नाही. नोंद करणे." सोबत एक रिकामी पुडी होती. नंबराच्या जागी त्यांनी आपला जुना क्वार्टर नंबर लिहिला होता.

त्यानंतर पावसाळा संपायच्या आत त्या गेल्याचा त्यांच्या यजमानांचा फोन आला.

आता आम्ही भोपाळमध्येच, अवधपुरी वसाहतीत राहतो. वाल अजून आहे, गच्चीवर चढलाय. बाई गेल्यानंतरच्या संक्रांतीला मी वही काढली. रोह्याची ती पुडी तिच्यात तशीच होती. नोंद करायला माझा हात उचलेना. आई शेजारी येऊन बसली. तिने पुडी उचलली, उघडून आत पाहिलं, पुन्हा नीट दुमडली. मग करंडा पुढे ओढून तिने त्या रिकाम्या पुडीला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "लिही आता."

मी लिहिलं.