सायकलच्या ट्यूबचा पट्टा

संपात गिरणी बंद पडली आणि आयुष्यभर कापड विणायचे साचे चालवत आलेले माझे बाबा लालबागच्या आमच्या खोलीत नुसते बसून राहिले. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी आमचा बंद पडलेला हँडलचा टेपरेकॉर्डर उघडला. आतला रबरी पट्टा तुटला होता. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी कापून तिथे बसवली. विकतच्या कॅसेटमधली गाणी त्यावर रेंगाळायची, पण तेव्हा आमच्या घरात घाई होती कोणाला? आवाज भरला जातोय का, हे बघायला त्यांनी कोरी कॅसेट घालून बटण दाबलं आणि नेमका मी मध्ये हात घातला.

"थांब गो चेडवा, हात लाव नको!"

लेकीला दटावणारं बाबांचं एवढंच एक वाक्य त्या कॅसेटवर राहिलं.

ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी तो टेप परळच्या एका मेकॅनिककडे साफ करायला दिला. त्याने नवा पट्टा घातला, माझी कॅसेट लावली, आणि बाबा चिमणीसारखे चिवचिवले. मी भडकलेच.

"वाट लावलीत तुम्ही त्याची!"

"ताई, मशीन आता बरोबर चालतंय. आवाज भरला तेव्हा ते हळू चालत होतं."

"मग परत हळू करा!"

जुना पट्टा त्याने कचऱ्यात टाकला होता. आम्ही दोघांनी डबा उपडा करून तो शोधून काढला.

आजही त्या टेपवर सगळ्या जगाची गाणी रखडतात. बाबा तेवढे बरोबर बोलतात.