खटक्याची बैठक

बिजलीबाई राठोड कोण होती, असं श्रीकृष्णला कोणी समोर बसवून विचारलं असतं, तर त्याला फार काही सांगता आलं नसतं. तिचं माहेर कुठलं, ठाऊक नाही. वय किती, ठाऊक नाही. चहात साखर जास्त लागायची आणि बशीत ओतल्याशिवाय चहा उतरायचा नाही, एवढं माहीत. तिच्यापेक्षा तिची बंदूक त्याला जास्त ओळखीची होती. दस्त्याला कुठं चीर गेली आहे, घोडा ओढताना किती जड लागतो, नळीच्या तोंडाशी कुठं गंज धरतो, हे त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. माणसाच्या बाबतीत त्याची नजर कधी एवढी बारकाईनं फिरली नाही. तरी तिच्याबद्दल कुणीतरी काही लिहून ठेवावं, आणि दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून हे जमेल तसं.

दिग्रसला जिनिंगच्या रस्त्यावर श्रीकृष्णचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. परवान्याच्या बंदुका तालुक्यात मुळातच थोड्या. त्यात कापसाचा भाव पडला ती वर्षं आली आणि गिऱ्हाईक आणखी आटलं. जिनिंगचा भोंगा आठवड्यातून दोन-तीनदाच वाजायचा. एरवी रस्ता इतका सुना असायचा की समोरचा पानठेलेवाला दुपारी खुशाल फळीवर आडवा व्हायचा. श्रीकृष्णनं लग्न केलं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत स्वयंपाक, दुकानात काम. दिवसाकाठी चार वाक्यं बोलली तरी खूप झालं, अशी त्याची गत होती.

बिजलीबाईकडची बंदूक तिच्या नवऱ्याची, रामसिंगची. तो काविळीनं गेला, मग परवाना तिच्या नावावर झाला. रानडुकरं तुरीत शिरली की ती हवेत बार काढायची. बंदूक अडली की पोत्यात गुंडाळून एस्टीनं दिग्रसला आणायची, आणि कंडक्टरनं विचारलं तर परवाना त्याच्या नाकासमोर धरायची.

एका हिवाळ्यात ती आली ती बंदुकीबरोबर आणखी एक वस्तू घेऊन. ओढणीत बांधलेली लांबट दुर्बीण, बंदुकीवर बसवायची. रामसिंगनं नागपूरला एका निवृत्त फौजीकडून घेतली होती आणि बसवायची राहूनच गेली होती.

तिला खरं काय हवं होतं ते आधीच सांगितलेलं बरं. श्रीकृष्णला मात्र ते त्या दिवशी कळलं नाही. तिला तिची मुलगी बघायची होती. ममता, थोरली. नाल्यापलीकडच्या गावातल्या अश्वजितशी तिनं लग्न केलं. तो शाळेत शिक्षक, बौद्ध घरातला. बिजलीबाई राहायची त्या तांड्याच्या नायकानं पंचायत बसवली आणि ठरलं, की त्या घराशी कोणी येणं-जाणं ठेवायचं नाही. जो ठेवील त्याच्या घरच्या लग्नाला आणि मयतीला तांडा यायचा नाही. बिजलीबाईच्या धाकट्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. ती गप्प बसली. तिचं शेत उतारावर होतं आणि समोर, नाल्याच्या पलीकडे, ममताच्या घराची मागची बाजू होती. साध्या डोळ्यांना तिथं हलता रंग दिसायचा, माणूस दिसायचं नाही. कधी हिरवा, कधी जांभळा. एवढ्यावर तिचं दीड वर्ष गेलं होतं.

दुकानात ती एवढंच म्हणाली, "बसवून द्या, मिस्तरी. पन निघाली पायजे. मनात आलं का काढता आली पायजे."

"काढाची कायले?" श्रीकृष्ण म्हणाला. "पक्की बैठक करून देतो. चार स्क्रू घट्ट, निशाणा एकदा लावला का दहा वर्षं पाहाचं काम नाही. खटक्याची बैठक केली तर रोज काढ-घाल. केसभर सरकली तरी शंभर पावलांवर डुक्कर सुटते."

"डुक्कर तसंई सुटते. मी कुठं मारतो त्याले."

"मग हवेत बार काढाले दुर्बीण काहून लागते?"

बिजलीबाईनं बशी खाली ठेवली. "निवडणूक आली का बंदूक ठाण्यात जमा करा लागते. बंदूक ठेवीन. दुर्बीण कायले ठेवू? ठाण्यातले पोट्टे दिवसभर तिच्यातून रस्त्यावरच्या बाया पाह्यतीन."

श्रीकृष्णला हसू आलं. किती दिवसांनी आलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण त्याचं मत हललं नाही. चांगलं काम म्हणजे जे पुन्हा उघडावं लागत नाही, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यापलीकडे त्यानं कधी विचार केला नव्हता. "आधी पक्की बसवून पाहू," तो म्हणाला. "मी शेतावर येऊन निशाणा लावून देतो. नाही पटली तर मग तुमची खटक्याची."

"तुमचं डोस्कं बी पक्क्या बैठकीचं दिसते," ती म्हणाली आणि बंदूक ठेवून गेली.

जिनिंगच्या वर्कशॉपमधलं लेथ त्या दिवसांत रिकामंच असायचं. फोरमन भगवानराव त्याला लोखंड कातू द्यायचा आणि शेजारी स्टुलावर बसून तोंड चालवायचा. "लोकं कापूस कोणी घेते का म्हणून फिरून राह्यले, आन् तू डुकराले चष्मा करून राह्यला." श्रीकृष्ण ऐकून घ्यायचा. बैठक सुरेख झाली. नळीवर अशी बसली की जणू कारखान्यातूनच आली.

ठरल्याप्रमाणे तो शेतावर गेला. तुरी कापून झाल्या होत्या, जमीन भेगाळली होती. त्यानं खालच्या बांधाला एक पत्रा टेकवला, वरच्या बांधावर, धुऱ्यावर, पोतं टाकून पालथा झाला आणि निशाणा लावत बसला. बार काढायचा, स्क्रू फिरवायचा, पुन्हा बार. शेवटचे बार एका ठिकाणी लागले, रुपयानं झाकले असते. त्याला फार बरं वाटलं. त्यानं बंदूक मोकळी केली, बोट घालून कोठी तपासली आणि बिजलीबाईला बोलावलं.

"या, पाहा एकदा."

ती आली नाही. धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, "पाह्यलं तुमचं. पत्र्याले भोकं पडले."

"तसं नाही. लांबचं किती साफ दिसते ते पाहा." बंदूक मोकळी केली की ती त्याच्या हातात नुसती नळी असायची. तो तिला खिडकीतून, आरशातून, दिव्यासमोर कशीही धरायचा. सगळे मिस्तरी धरतात. तशीच त्यानं ती उचलली आणि नाल्यापलीकडे फिरवली. "हे घ्या. घराचं मागचं दार दिसून राह्यलं. बाई हाये एक, दोरीवर धुणं टाकून राह्यली. हातातल्या बांगड्या—"

बिजलीबाईनं नळी दोन्ही हातांनी धरली आणि जमिनीकडे दाबली. एवढ्या जोरानं, की दस्ता त्याच्या गालाला लागला.

"तिकडं नका धरू."

"अहो, खाली हाये बंदूक. मी पाह्यली."

"खाली असो का भरली. माझी पोरगी हाये थे."

श्रीकृष्ण उठून बसला. तिनं नळी सोडली नव्हती.

"मी काय पाह्यलं नसतं का यातून?" ती म्हणाली. "तुमची पक्की बैठक. पोरगी पाहाची म्हनजे पोरीवर बंदूक धराची. कोनती माय धरीन?"

मग तिथंच धुऱ्यावर तिनं ममताचं लग्न, पंचायत, धाकट्याचं लग्न, सगळं सांगितलं. सांगताना तिनं एकदाही नाल्याकडे बघितलं नाही. "चालत गेलं तर अर्ध्या घंट्याचं गाव," ती म्हणाली. "पन बाईमानूस नाला उतरली का तांड्याले समजते."

 श्रीकृष्ण बोलण्यात कधीच पटाईत नव्हता. त्यानं पिशवीतून पेचकस काढला आणि नुकतेच घट्ट आवळलेले चारही स्क्रू एकेक करून सोडले. इतक्या मेहनतीनं लावलेला निशाणा गेला. दुर्बीण सुटून हातात आली तेव्हा त्यानं काच सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि ती तिच्याकडे दिली.

तिला आधी काही दिसलं नाही. ती डोळा काचेला चिकटवत होती. "जरा दूर धरा," तो म्हणाला. "चार बोटं." दुर्बीण स्थिर राहीना, म्हणून त्यानं एक तुराटी रोवून तिला टेकू करून दिला. मग तिला दार सापडलं.  श्रीकृष्ण दुसरीकडे तोंड करून काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत राहिला. सगळ्या वेचून झाल्या तरी वेचत राहिला.

"वाळली," शेवटी ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "केस बांधाची ढब तीच हाये." आणि मग, "गेली आत."

खटक्याची बैठक त्यानं परत आल्यावर केली. एक पट्टी, तिच्यावर सरकणारं कडं, बाजूला आंगठ्यानं दाबायचा खटका. दाबला की दुर्बीण हातात. दोनदा मोडून पुन्हा केली, कारण कडं जागेवर परत बसताना कुरकुरायचं, आणि बिजलीबाईच्या हातात ते कुरकुरू नये असं त्याला वाटत होतं. निशाणा केसभर हलायचा तो हललाच. श्रीकृष्णनं ते सोडून दिलं. भगवानरावानं विचारलं, "आता काहून रे बदललं? पक्की तं मस्त झालती." श्रीकृष्ण म्हणाला, "गिऱ्हाइकाची मर्जी."

त्यानंतर ती येत राहिली. कधी तेल द्यायला, कधी काडतुसांसाठी, कधी नुसतीच, बाजाराच्या दिवशी. तो चहा ठेवायचा. काय दिसलं, हे त्यानं कधी तोंडानं विचारलं नाही, पण ती सांगायचीच. ममताला दिवस गेले. चालणं जड झालं. मग काही दिवस ती दिसलीच नाही, तेव्हा बिजलीबाई दोन बाजारांना येऊन नुसती बसून गेली. तिसऱ्या बाजाराला दारातूनच म्हणाली, "दोरीवर लंगोट वाळून राह्यले." चपला काढायच्या आधी हे सांगितलं. त्या दिवशी चहाबरोबर श्रीकृष्णनं समोरून जिलबी आणली.

एकदा ती म्हणाली, "मिस्तरी, आवाज येईन असं काही करता येत नाही का?"

"ते नाही येत मले."

"दिसते सारं. पोरगं रडून राह्यलं थे दिसते. तोंड उघडं दिसते. ऐकू येत नाही." मग आपणच हसली. "जाऊ द्या. आवाज आला असता तं मी इथूनच वरडलो असतो, अवं, उचल त्याले."

आणखी एकदा तिनं सांगितलं, की ममता हल्ली मागच्या दारात नाल्याकडे तोंड करून बसते. ऊन तर दुसऱ्या बाजूला असतं, तरी तिकडेच बसते. "तिले काय ठावं," ती म्हणाली, आणि तिनं श्रीकृष्णकडे असं पाहिलं की त्यानं काहीतरी उत्तर द्यावं. त्यानं तिच्या बशीत आणखी चहा ओतला. ती गेल्यावर तो दुकानाच्या दारात उभा राहिला आणि एस्टी स्टँडकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत राहिला. त्या वर्षांत बाजाराचा दिवस त्याला दोन दिवस आधीपासून जाणवायचा. आदल्या दिवशी तो दुकान झाडायचा, दूध जास्तीचं घ्यायचा. तिचे डोळे नाल्यापलीकडे लागलेले असायचे आणि याचे रस्त्याकडे. त्याबद्दल कोणी कोणाला काही म्हटलं नाही, आणि म्हणायला काही होतं का, हेही त्याला आजवर नीट ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या मुलाचं लग्न झालं. तांडा सगळा जेवला. पावसाळ्यानंतर पुन्हा निवडणूक लागली आणि ती बंदूक ठाण्यात जमा करून दुकानात आली. हातात कापडी पिशवी होती, फुगलेली. बसली नाही.

"जावयाची बदली झाली नेरले," ती म्हणाली. "सामान गेलं परवा. दाराले कुलूप हाये. आता काय पाहू, कुलूप पाहू?"

"मग?"

"मग काय. पोराचं लगन झालं. आता माझ्या मयतीले तांडा नाही आला तं मले कुठं दिसते."

श्रीकृष्णनं चहाचं विचारलं. गाडी जाईल, म्हणाली. तो दुकान तसंच उघडं टाकून तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेला.

त्यानंतर बिजलीबाई त्याला दिसली नाही. ठाण्यातून बंदूक मुलानं सोडवली आणि पुढं परवान्यासकट सरकारजमा केली, असं कानावर आलं. ती नेरलाच राहिली, असं एक जण म्हणाला. परत येऊन तापानं गेली, असं दुसरा म्हणाला. मुलाला विचारावं, असं श्रीकृष्णच्या कितीदा तोंडाशी आलं. पण आपण तिचे कोण, या प्रश्नाशी येऊन तो दर वेळी थांबला. नेर काही लांब नाही. तिथंही तो कधी गेला नाही.

त्या दिवशी स्टँडवर दारव्ह्याची गाडी लागलेली होती.

"नेरची थेट नाही का हो?" तिनं विचारलं.

"थेट नाही. दारव्ह्याले बदला लागते. तिथं स्टँडवरच बसा, बाहेर जाऊ नका."

"बरं."

"आन् डाव्या बाजूले नका बसू. यावेळी ऊन येते डावीकडून."

"मंग उजवीकडं बसतो," बिजलीबाई म्हणाली.