लाल चौकोनाखालचं तळं

जांबोटीकडच्या रस्त्याचं मोजमाप माझ्याकडं आलं, तेव्हा मी जरा टेचातच होतो. ड्रोनला लेसर लावून तो डोंगरावरनं फिरवायचा. पानांच्या फटींतून किरण जमिनीपर्यंत जातात, परत येतात. मग संगणकावर झाडं पुसून टाकली की उघडा डोंगर दिसतो. अनगोळच्या घरी बसून मी तसा डोंगर तयार केला. कचेरीनं त्यावर रस्ता आखून नकाशा परत पाठवला, आणि मी तो मिरवायला आक्काकडं गेलो. ही माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून त्याच डोंगराखाली भातशेती करते.

ओले हात पदराला पुसून आक्कानं लॅपटॉप मांडीवर घेतला. घळ ओळखली, बांध ओळखले, गोठ्यामागची पायवाटसुद्धा ओळखली. मी फुशारून बघत होतो. मग तिचं बोट थांबलं.

"आमचं तळं कुठं हाय रं?"

तिथं सपाट माळ दिसत होता. काय झालं ते मला तिथंच कळलं. पाणी लेसर गिळून टाकतं, किरण परत येत नाहीत आणि नकाशात भोक पडतं. आजूबाजूची उंची बघून संगणक ती भोकं भरून देतो, पण आधी एकेक तपासायचं असतं. मी घाईत सगळी एका फटक्यात भरली होती. आणि त्याच माळावर कचेरीनं लाल चौकोन आखला होता, रस्त्याची खणलेली माती टाकायला. आक्काचं सगळं भात त्या तळ्याच्या जिवावर.

"मशीन चुकलं असंल," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो. आजही त्या शब्दाची लाज वाटते.

अंगणात जाऊन कचेरीतल्या साहेबांना फोन लावला आणि तळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मोजणी चुकली असं सहीनिशी लिहून द्या, जागा बदलतो. पण पुढच्या कामाचं मला विचारू नका."

आत येऊन आक्कासमोर बसलो. "आक्का, मशीन न्हाय चुकलं. मी चुकलो."

"ठाऊक हाय मला. खोटं बोलताना तू ल्हानपणापास्नं कान खाजवतोस. आदी कागद लिव, मग जेव."

कागदात मी यंत्राचं नावसुद्धा काढलं नाही. 'इथं तळं आहे, मी बघितलं नाही,' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.