परवानगी घ्यायला निपाणीला

बेळगावहून निपाणीला जायला तयारी लागत नाही. बसस्थानकावर जायचं, निपाणीची नाहीतर कोल्हापूरची लाल गाडी बघायची आणि चढायचं. तरीही मागच्या महिन्यातल्या त्या शनिवारी मी निघण्याआधी दोनदा कुलूप ओढून बघितलं, कारण या वेळी काम मोठं होतं. माझी भाची प्रणाली एका वर्षासाठी ओडिशात जाणार होती. तिकडच्या डोंगरातल्या एका गावात मुलींचं वसतिगृह आहे, ते एक विहार चालवतं. तिथे धम्मसेविका म्हणून राहायचं, मुलींना शिकवायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, झोपायचं. पगार नाही.

तिथे घेण्यापूर्वी त्या मंडळींची एक अट असते. श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, होणाऱ्याला आईवडिलांची परवानगी लागते, ही आमच्यातली जुनी रीत. या लोकांनी ती सेविकांनाही लावली आहे. मुलीच्या गावच्या विहारात, चारचौघांसमोर, भन्ते विचारतात आणि आईवडिलांनी तोंडाने हो म्हणायचं. सही-बिही चालत नाही. प्रणालीचे आईवडील निपाणीत, म्हणून आमचा हा दौरा.

प्रणाली माझ्या धाकट्या भावाची, विलासची मुलगी. तो निपाणीत वकिली करतो. दहावीनंतर त्याने तिला माझ्याकडे बेळगावला ठेवलं. बारावी, म्हणजे आमच्याकडची पीयूसी, तिने इथूनच केली. मार्क चांगले पडले. इंजिनिअरिंगला सहज गेली असती, पण एक वर्ष थांबते म्हणाली. विलास तेव्हा फोनवर माझ्यावरच डाफरला होता. त्याला वळवायला आम्हा दोघींना अख्खं वर्ष लागलं. दिवाळीत तो थोडा नरमला, मार्चमध्ये हो म्हणाला. मोठी लढाई जिंकल्यासारख्या आम्ही निघालो होतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. कर्नाटकातल्या बायकांना साध्या लाल गाडीत तिकीट पडत नाही, पण आधारकार्ड जवळ हवं आणि कंडक्टर देतो ते शून्याचं तिकीट उतरेपर्यंत सांभाळायचं. महाराष्ट्राच्या गाडीत ही सवलत नाही, चढण्याआधी पाटी वाचा. सकाळी जात असाल तर डावीकडे बसा, उजवीकडून ऊन तोंडावर येतं. काकती सुटली की रुंदीकरणाचं काम लागतं आणि गाडी सारखी बाजूच्या रस्त्याला उतरते. खिडकी बंद ठेवा, नाहीतर निपाणीत पोचेपर्यंत केसांची माती होते.

प्रणालीने खिडकी उघडीच ठेवली. तिचे केस आता बोटभर आहेत, तिला काय. विहाराच्या शिबिराला गेली तेव्हा कापून आली ती तशीच राहिली. मागच्या सीटवरच्या आजीबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी मला विचारलं, "पोरीला काय झालतं व्हय?" काही झालेलं नाही, हौसेने कापलेत, असं मी सांगितलं. त्यावर आजीबाई म्हणाल्या, "हौस न्हवं, गरमी. मी बी कापले असते, पर म्हातारा हाय अजून." प्रणाली खिडकीकडे तोंड करून हसत राहिली.

संकेश्वरला गाडी थांबली. स्थानकाबाहेर वडा चांगला मिळतो, सोबत तळलेली मिरची. ती तिथली संकेश्वरी, फार तिखट, जपून खा. पुढे तवंदीचा घाट. घाट म्हणण्याइतका मोठा नाही, पण ट्रक फार. वरून निपाणी पसरलेली दिसते. गावात शिरलं की वखारींच्या बाजूने तंबाखूचा वास येतो. बाहेरच्या माणसाला ठसका लागतो. आम्हाला घर आल्यासारखं वाटतं.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली. माणसं बरीच जमली होती. प्रणाली पांढऱ्या साडीत, पदर तीनदा सावरत. माझी भावजय मंगल मागे खिरीच्या पातेल्यापाशी बसली होती. मंगल कमी बोलते. लग्नाआधी आईबरोबर विड्या वळायची, दहावी तिने लग्नानंतर केली. मोठ्या माणसांत ती आपणहून मागे बसते आणि आम्हीही तिला पुढे ये म्हणत नाही.

भन्ते वयाने लहानच, चाळिशीचे. त्यांनी प्रणालीला विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे का? विलास उठला. कोर्टाची सवय, त्यामुळे तो पाच मिनिटं बोलला. आपल्या समाजाची मुलगी कुठून कुठे पोचली, आमच्या आजोबांनी कुणाच्या वखारीत पोती वाहिली, आणि आज त्यांची पणती शिकवायला जाते. चांगलं बोलला. मलाही भरून आलं. शेवटी म्हणाला, मी आनंदाने परवानगी देतो.

"आणि आईची?" भन्तेंनी विचारलं.

"तिची आहेच," विलास म्हणाला.

"त्यांना सांगू द्या."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मंगलच्या हातात पळी होती. ती पातेल्यात ठेवून ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाय की."

कुणीतरी फिसकन हसलं. भन्ते हसले नाहीत. मी विलासकडे पाहिलं, विलासने माझ्याकडे. वर्षभरातले सगळे फोन माझ्या डोळ्यांसमोरून गेले. विलासला पटवायचं कसं, विलास काय म्हणतो, विलासचा मूड कसा आहे. मंगल फोनवर यायची ती "जेवली का" एवढं विचारायला. तिचं हो आम्ही घरातल्या पाण्यासारखं धरून चाललो होतो. समतेवर भाषणं देणारं आमचं घर, आणि हे.

भन्ते एवढंच म्हणाले की घरी जाऊन विचारा, उद्या सकाळी मी कोल्हापूरला निघेपर्यंत इथेच आहे. मग खीर वाढायला सांगितली. ती मंगलनेच वाढली.

घरी आल्यावर विलास दारात चपला काढताना म्हणाला, "लोकांसमोर मान खाली घालायला लावलीस."

"लोकांसमोर इचारलं, म्हणून लोकांसमोर सांगितलं," मंगल म्हणाली आणि आत गेली.

दुपार अवघड गेली. तिने नाही म्हटलं तर सगळंच बारगळणार होतं. बुधवारची रेल्वे होती, बरोबरची मुलं तयार होती, आणि आईच्या होकाराशिवाय ते लोक घेणार नव्हते. प्रणाली आतल्या खोलीत पडून होती. चार वाजता मीच तिला उठवलं. म्हटलं, रडून झालं असेल तर तोंड धू आणि आईकडे जा. मी बोलणार नाही.

मंगल भाकरी थापत होती. मी कोपऱ्यात लसूण सोलायला बसले. प्रणाली परातीसमोर बसली आणि म्हणाली, "आई, मी जाऊ?"

मंगलने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, "आदी वरीस सांग."

"कसलं वरीस?"

"बारावीच्या निकालापास्नं आजपतोर. फोनवर सांगितल्यालं मला ठावं हाय. ते सोडून सांग."

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच मंगल म्हणाली, "आक्का, तुम्ही गप बसा. तिचं तिला सांगू दे."

तीस वर्षांत मंगल मला असं बोलली नव्हती. मी लसूण सोलला.

प्रणालीने सांगायला सुरुवात केली. निकालाच्या दिवशी तिच्या सगळ्या मैत्रिणी पेढे घेऊन फिरत होत्या आणि ती गच्चीवर बसून होती, कारण पुढे काय हे तिला माहीत नव्हतं आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. मग माझी स्कूटर शिकली. शहापूरच्या उतारावर पडली, गुडघा फुटला, तो पंधरा दिवस सलवारीखाली लपवला. माझ्यापासूनसुद्धा, हे मला तिथेच कळलं. मग आमच्या गल्लीमागे बांधकामावरच्या मजुरांची मुलं असतात, त्यांना संध्याकाळी विहारात शिकवायला लागली. निम्मी मुलं कन्नड बोलणारी, त्यांच्यामुळे तिचं कन्नड सुधारलं, इतकं की आता रिक्षावाल्याशी घासाघीस तीच करते. कडोलीच्या साहित्य संमेलनात स्वयंसेवक होती. व्यासपीठावर पाणी नेताना हातातून तांब्या सुटला आणि पाहुण्यांच्या धोतरावर गेला. मंगल इथे पहिल्यांदा हसली.

"आणि गणपती झाल्यावर मला डेंग्यू झालता," प्रणाली म्हणाली.

मंगलचा हात पिठावर थांबला. "किती दीस?"

"दवाखान्यात चार दिवस."

"आनि मला काय सांगितलं?"

"परीक्षा आहे म्हणून फोन लागत नाही."

"बारावी झाल्याव कसली परीक्षा गं?"

मंगल घाबरेल म्हणून तिला सांगायचं नाही, असं विलासने आणि मी मिळून ठरवलं होतं. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती मी उलटली, मंगलने नाही.

थोड्या वेळाने तिने पुन्हा पीठ घेतलं. म्हणाली, "फुडं सांग."

प्रणालीने शिबिराचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पळून यावंसं वाटलं होतं, पिशवी भरून फाटकापर्यंत गेली होती. परत का फिरली, असं मंगलने विचारलं. ती म्हणाली, "तिथं एक बारकी पोरगी होती. तिला वाचायला शिकवत होते. अर्धा धडा राहिलता."

"एवढ्यासाठी?"

"मला शिकवायचा कंटाळा येत नाही, आई. बाकी सगळ्याचा येतो. अभ्यासाचा येतो, शिबिराचा पण आलता. याचा नाही. मोठं काहीतरी करायला चाललेय असं बाबा म्हणतात, तसं काय नाही."

मंगलने शेवटची भाकरी टोपलीत टाकली, हात धुतले, आणि प्रणालीच्या बोटभर केसांवरून ओला हात फिरवला. हो किंवा नाही, काही म्हणाली नाही. जेवायला वाढलं. विलास जेवला आणि त्याने स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवलं. तेवढं मी नोंदवून ठेवते.

सोमवारी सकाळी आम्ही चौघंच विहारात गेलो. मंगल पुढे बसली. भन्तेंनी पुन्हा विचारलं. मंगल उभी राहिली, हात जोडले.

"माझी परवानगी हाय. पर फोन हिनं मला करायचा. बापाला न्हाय, आत्याला न्हाय. आजारी पडली तर आदी मला. भ्यायचं का न्हाय, ते माझं मी बघीन."

भन्ते म्हणाले, "साधु," म्हणजे उत्तम. विलासनेही म्हटलं, जरा उशिराने. प्रणाली आईच्या पायाशी वाकली ती लवकर उठेना. शेवटी मीच तिला धरून उठवलं, गाडी चुकली असती.

परतताना आम्ही तिघी होतो. मंगल मुलीला पोचवायला म्हणून बेळगावपर्यंत आली. तवंदी चढताना तिला मळमळलं. लिंबू जवळ ठेवा, घाटात उपयोगी पडतं. बुधवारी स्टेशनवर मी प्रणालीला औषधं, कुलूप, पाण्याची बाटली यावर भरपूर सूचना दिल्या. मंगलने एकही दिली नाही. गाडी हलल्यावर ती डब्याबरोबर थोडी चालली, मग उभी राहिली.

तुमच्या घरातून कुणी असं दूर निघालं असेल तर सांगते. बॅगा, तिकिटं, थंडीचे कपडे हे सगळं होऊन जातं. ज्याचं हो आपण गृहीत धरलं आहे, त्याच्याकडे आधी जा. अर्धा दिवस लागतो आणि लसूण सोलून होतो.

मंगल माझ्याकडे आठवडाभर राहिली. शुक्रवारी दुपारी तिचा फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव मी लांबून वाचलं आणि सवयीने हात पुढे केला. मंगल फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. मी आत भात बघत उभी. तेवढ्यात विलासचा मला फोन आला, पोचली का म्हणून. म्हटलं, थांब, मलाही कळलेलं नाही.

बऱ्याच वेळाने मंगल आत आली. डोळे पुसलेले होते, चेहरा हसरा.

"पोचली," म्हणाली.

"आणि? काय काय म्हणाली?"

"लई काय काय," मंगल म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली.

मी विलासला कळवलं, पोचली. त्याने विचारलं, बाकी काय? म्हटलं, बाकीचं मंगलला विचार.