पैलवानाचं वजन

मला गावात नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. सगळे पैलवान म्हणतात. शेवटची कुस्ती खेळून वीसेक वर्षं झाली, लंगोट कुठल्या पेटीत आहे ते बायकोलाही सांगता येणार नाही, पण पदवी काही सुटली नाही. मीही ती सुटू दिली नाही. तिसगावच्या बाजारात माझं गुरांच्या पेंडीचं दुकान आहे. सरकी, गोळीपेंड, मक्याचा भरडा. हमाल उशिरा आला तर पोतं मी स्वतः उचलून टेम्पोत टाकतो, आणि गिऱ्हाईक बघत असेल तर जरा जास्तच सहज टाकतो.

कुस्ती सुटली तरी खुराक सुटत नाही, हा आमच्याकडच्या बहुतेक पैलवानांचा आजार आहे. तालीम बंद होते, जोर-बैठका बंद होतात, दूध-तूप मात्र चालूच राहतं. त्यात गाव साथ द्यायला बसलेलंच असतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यासमोर आला की मागून कोणीतरी ओरडणारच, "आरं, पैलवान हायेत ते, हात आखडू नको!" मग पानात बुंदीचा ढीग. तो संपवला नाही तर यजमानाचं तोंड उतरतं, आणि संपवला तर दुसरा ढीग येतो. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. पोट सुटलं होतं, पण मी त्याला पोट म्हणत नव्हतो, अंग म्हणत होतो.

माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण, आमची आक्का, सुप्याला दिलेली. दाजी तिथल्या एका कारखान्यात कामाला आहेत. मी तालमीत होतो तेव्हा माझ्या थंडाईचे बदाम पहाटे आक्काच वाटायची, आणि वाटता वाटता दोन-चार स्वतःच्या तोंडात टाकायची. मी आईकडे चुगली केली की पाटा माझ्यापुढे ढकलून म्हणायची, "घे, तूच वाट." अशी ही आक्का एका भाऊबिजेला आली ती सुजलेले पाय घेऊन. महिन्याभरात कळलं की तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. नगरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. सकाळी एसटीने चालती-बोलती जायची आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखी परत यायची.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. किडनी बदलली तर चांगली जगेल, म्हणाल्या. नुसत्या डायलिसिसवर किती काळ निघेल ते सांगता येत नाही, कारण हृदयही थकत चाललंय. दाजींना शुगर. पोरं अजून शिकणारी, आणि त्यांची किडनी घ्यायला आक्का मेली तरी तयार झाली नसती. उरलो मी. रक्तगट जुळला. मी छाती पुढे काढून बाईंना म्हणालो, "घ्या, दोन्हीतली कंची पायजे ती घ्या."

बाईंनी मला काट्यावर उभं केलं. एकशे सोळा किलो. रक्तदाबही वरच्या अंगाला.

"या वजनाला तुमची किडनी आम्ही घेणार नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन तुम्हालाच धोक्याचं आहे. शिवाय पुढे एका किडनीवर एवढं शरीर सांभाळायचंय. शंभरच्या आत या, मग बोलू. तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्या करू."

मला हसूच आलं. वजन कमी करायचं, एवढंच? माझं अर्धं तारुण्य त्यात गेलेलं. कुस्तीत वजनगट असतात, आणि स्पर्धेच्या सकाळी गटात बसलं नाही तर पैलवान न खेळताच घरी. म्हणून आम्ही आदल्या आठवड्यात अंग सुकवायचो. स्वेटरवर स्वेटर घालून उन्हात पळायचं, घोंगडी पांघरून घाम काढायचा, पाणी बंद, फक्त चूळ भरून टाकायची. सकाळी काट्यावरून उतरलं की मग घटाघटा प्यायचं. वस्ताद म्हणायचे, पैलवानाचं वजन पैलवानाच्या मुठीत पाहिजे. माझ्या ते होतंच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "वजनाची काळजी नको, ते माझ्यावर सोड."

तिला वजनाची काळजी नव्हतीच. "आक्कांना न्हाई म्हनत न्हाई मी," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पन तुमाला काय झालं तर मी कोनाच्या तोंडाकडं बघू?"

"मला काय हुतंय?" मी म्हणालो. आणि मला खरोखरच तसं वाटत होतं.

पहिले दोन-अडीच महिने मी तूप बंद केलं, भात कमी केला, आणि लग्नसराईत जेवढं टाळता आलं तेवढं टाळलं. जेवढं टाळता आलं नाही तेवढं खाल्लं. दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो तर एकशे सात. तपासणीला आठवडा राहिला होता. मी बिलकूल घाबरलो नाही. खताच्या गोणीतलं प्लास्टिक काढलं, अंगाला गुंडाळलं, वरून दोन स्वेटर चढवले, आणि एप्रिलच्या भर दुपारी दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात फेऱ्या मारायला लागलो. पाणी जवळजवळ बंद. बायकोला वाटलं मला वेड लागलं. मला मात्र तालमीचे दिवस परत आल्यासारखे वाटत होते. डोकं ठणकत होतं, लघवी हळदीसारखी होत होती, पण काटा रोज खाली येत होता. पुण्याला निघालो त्या पहाटे मी साडेनव्याण्णव होतो.

दवाखान्यात बाईंनी काटा बघितला आणि "वा!" म्हणाल्या. मी मिशीवरून हात फिरवला. आक्काही आली होती, तिच्याकडे बघून डोळा मारला. रक्त दिलं, लघवी दिली, आणि बाहेर बाकावर तिच्याशेजारी ऐटीत बसलो.

रिपोर्ट आल्यावर आम्हा दोघांना आत बोलावलं. बाईंचा चेहरा बदललेला होता. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणाल्या, लघवीतही दोष दिसतोय. मागच्या वेळी तर सगळं ठीक होतं. "या आठवड्यात काय केलंत? काही औषध घेतलंत का?"

मी अभिमानाने सांगितलं. प्लास्टिक, स्वेटर, गोदाम, चूळ. सांगता सांगता माझ्याच लक्षात यायला लागलं, पण तोंड थांबेना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "पैलवान, तुम्ही वजन नाही कमी केलंत, पाणी काढून टाकलंत. आणि पाण्यावाचून सगळ्यात आधी मार कुणाला बसतो? किडनीला. आम्हाला जी हवी होती तिलाच तुम्ही ताण दिलात." पंधरा दिवस भरपूर पाणी पिऊन पुन्हा तपासायचं ठरलं. आकडे खाली आले तर ठीक. नाही आले तर देणारा म्हणून मी बाद.

बाहेर आल्यावर आक्का भिंतीला धरून उभी राहिली. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून मिळतं, शरीरातून ते निघतच नाही म्हणून. तिला दिवसाला चार कप. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा ओठांवरून फिरवायची.

"मला एक घोट मिळंना म्हनून मी रातभर रडती," ती म्हणाली, "आन तू हंडा भरलेला आसून पानी सोडलंस? माज आला व्हय रं तुला?"

कुस्तीत मी हरलोय, लोकांसमोर चितपट झालोय, पण इतका मेल्याहून मेल्यासारखा कधीच झालो नव्हतो. कॅन्टीनमधून बाटली आणली आणि तिच्याकडे पाठ करून प्यायलो. तिच्यासमोर पिणं जमेना.

ते पंधरा दिवस मी घाबरून काढले, हे सांगायला मला आता काही वाटत नाही. रिपोर्ट चांगला आला. बाई म्हणाल्या, किडनी दणकट आहे तुमची, तिच्यावर उपकार करा आणि तिला पैलवानकी शिकवू नका. आता सहा महिने. हळूहळू, खाऊन-पिऊन. पाण्याने माझं वजन पुन्हा एकशे सहावर आलं होतं.

हळूहळू ही गोष्ट मला कधी कोणी शिकवलीच नव्हती. गावापासून दुकानापर्यंत मोटारसायकल सोडून पायी जायला लागलो. पहिल्या दिवशी वाटेत चार जणांनी गाडी थांबवली, कारण पैलवान पायी चाललाय म्हणजे काहीतरी बिघडलंय. जेवायला ताटात निम्मी मटकीची उसळ किंवा पालेभाजी, एक भाकरी, ताक. बायकोने डाएट हा शब्द कधी उच्चारला नाही, तिने फक्त माझं परातीएवढं ताट उचलून ठेवलं आणि पोरांचं ताट पुढ्यात मांडलं. भूक लागायची. चिडचिड व्हायची. गिऱ्हाइकावर ओरडायचो आणि मग पाणी प्यायचो.

घरचं जमलं, पण पंगतींचं काय करायचं? मे महिन्यातल्या एका लग्नात पुन्हा तेच सुरू झालं. वाढप्याने बुंदी उचलली, मागून आवाज आला, "पैलवान हायेत, वाढ!" मी पानावर हात आडवा धरला. यजमान धावत आला, काय चुकलं विचारायला लागला. मग मी उभाच राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "काय चुकलं न्हाई. मला आक्काला किडनी द्यायचीय, आन वजनामुळं डॉक्टर घेईनात. आता मला कुणी जास्त वाढलं तर ते आक्काच्या जिवावर वाढलं आसं समजा."

वाढपी बुंदी घेऊन पुढच्या पानाकडे गेला. समोर बसलेला एक म्हातारा, माझ्या कुस्त्यांवर पागोटं उडवणारा, म्हणाला, "ह्याला काकडी आना."

त्या दिवसापासून आख्खा बाजार माझ्यावर पहारा द्यायला लागला. चहावाला बिनसाखरेचा चहा न विचारता पाठवी. भजीच्या गाड्यापाशी मी नुसता रेंगाळलो तरी भजीवाला झारा दाखवून म्हणे, "पैलवान, फुडं चला." एकदा मी चोरून दुसऱ्या आळीतून पावभर जिलबी घेतली, तर मी घरी पोचायच्या आत बायकोला फोन गेलेला. जे गाव मला वीस वर्षं खाऊ घालत होतं, त्याच गावाने माझी उपासमार मांडली, आणि तितक्याच प्रेमाने. मला राग यायचा. बरंही वाटायचं.

दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ झाली, बैलांसाठी पेंड न्यायला दुकानात गर्दी व्हायला लागली. त्याच दिवसांत मी पुण्याला काट्यावर उभा राहिलो. सत्त्याण्णव. रक्तदाब बरोबर, लघवी स्वच्छ, क्रिएटिनिन उत्तम. बाईंनी या वेळी "वा!" म्हणायला रिपोर्टची वाट पाहिली.

मग कागदपत्रं, आणि अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत. तिथे देणाऱ्याच्या बायकोलाही विचारतात. टेबलापलीकडून एका गृहस्थांनी आमच्या सौभाग्यवतींना विचारलं, "तुमची काही हरकत?"

"हरकत हाय," ती म्हणाली. मी दचकलो. "भ्या वाटतंय मला. पन सही करते. त्यांनी येवढं वजन माझ्यासाठी बी कदी कमी केलं नसतं."

ऑपरेशनच्या दिवशी मला शुद्ध आली तेव्हा डाव्या कुशीत कोणीतरी खुंटी ठोकल्यासारखं दुखत होतं. आक्का दुसऱ्या वॉर्डात, काचेपलीकडे, तिथे कोणाला सोडत नव्हते. मी बायकोला विचारलं, "आक्का?" तिलाही काही माहीत नव्हतं. दाजी हे मुळात अबोल माणूस. ते आत आले, मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटो होता. खाटेला अडकवलेली एक प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात निम्म्यापर्यंत पिवळं पाणी.

"तिची," दाजी म्हणाले. "नर्सनं काढून दिला फोटू. ह्याच्या आदी एक पिशवी रिकामी केली." आणि तोंडावर रुमाल धरून खाली बसले. आक्काला कित्येक महिन्यांत लघवीचा थेंब झाला नव्हता.

बायकोने मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पिशवीवरच्या खुणा नीट बघितल्या. मग मोबाईल उशीवर ठेवला आणि त्या लघवीच्या पिशवीला दोन्ही हात जोडले. मला हसू आलं आणि टाके असे ओढले गेले की मी ओरडलो. पण तेवढ्यातही तो फोटो मी सगळ्यांना पाठवून दिला. भाच्यांना, चुलत्यांना, तिसगावच्या चहावाल्याला, भजीवाल्यालाही. दुपारपर्यंत गावात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तो होता.

आठवडा झाला. मला सोडलं होतं, दवाखान्याजवळच एक खोली घेऊन आम्ही राहिलो होतो. आक्काची लघवीची नळी काढली त्या दिवशी तिचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा, खणखणीत.

"काय रं," ती म्हणाली, "माझ्या मुताचा फोटू गावभर दावलास व्हय?"

"तुझं कुठलं, आक्का? माझ्या किडनीचं हाय ते."

"तुझी कसली? दिलीस ती दिलीस. आता माझी हाय," आक्का म्हणाली. "आन ठेव फोन. मला परत जायचंय."